बिनपिस्तुलाचे मेव्हणे

आमच्या मेव्हण्यांना पिस्तुलाशिवाय नीट चालता येत नाही, हे आम्हाला ते इंग्लंडात आमच्याकडे मिल्टन कीन्सला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तोपर्यंत सगळं सुरळीत होतं.

गैरसमज नको. विनयराव म्हणजे सुनीतीचे थोरले भाऊ, अत्यंत सज्जन माणूस. अमेरिकेत माँटाना नावाच्या राज्यात ते मातीचे नमुने तपासतात. तिकडे माणसं थोडी आणि अस्वलं भरपूर, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी ते पाठीवर सॅक चढवून डोंगरात जातात आणि बरोबर पिस्तूल ठेवतात. तिकडच्या कायद्याला ते चालतं आणि तिकडच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. आपण नाही का, ढग दिसले की छत्री घेत, तसंच.

इकडे येताना पिस्तूल अर्थातच त्यांनी घरी तिजोरीत कुलूपबंद केलं होतं. आलं होतं ते फक्त त्याचं पाऊच. पहिल्या सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी ते टेबलावर मांडलं आणि मला समजावून सांगायला सुरुवात केली.

"राजीवराव, पिस्तूल बाळगणं सोपं आहे. सॅकबरोबर बाळगणं अवघड."

"असं?"

"कमरेला लावलं तर सॅकचा पट्टा नेमका त्यावरच येतो. मैलभरात हाड सोलून निघतं. काखेत लावलं तर खांद्याचा पट्टा नडतो. आणि सॅकमध्येच ठेवलं, तर अस्वलाला म्हणावं लागतं, जरा थांब, खाली जेवणाचा डबा आहे, तो आधी काढतो."

म्हणून अनेक रविवारांच्या संशोधनातून त्यांनी हे पाऊच पसंत केलं होतं. चपटं, मातकट रंगाचं, सॅकच्या दोन्ही खांदेपट्ट्यांना अडकवून बरोबर छातीवर बसणारं. बघणाऱ्याला वाटावं, आत नकाशा असेल.

"कुणाला पत्तासुद्धा लागत नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"मग अस्वलाला कसा लागणार?" सुनीतीने चहा ओतता ओतता विचारलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिचे प्रश्न असेच असतात.

त्या शनिवारी आम्ही तिघं पीक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढायला जाणार होतो. हा बेत सुनीतीचा. मंजिरीवहिनी गेल्यापासून विनयराव कुठेच गेले नव्हते. फोनवरही पावसापाण्याच्या पलीकडे काही बोलायचे नाहीत. या वेळी आपण दादाला डोंगरावर न्यायचं, भरपूर चालवायचं आणि बोलतं करायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने एकदा ठरवलं की त्यात माझा वाटा गाडी चालवण्यापुरता उरतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो.

तर सराव म्हणून आम्ही आमच्या रेडवेवरून तळ्याकडे निघालो. रेडवे म्हणजे आमच्या गावातले पायी आणि सायकलवाल्यांसाठी केलेले तांबडे रस्ते. ते इतके सपाट आहेत की त्यांवरून घरंगळायचं म्हटलं तरी मेहनत घ्यावी लागेल. तिथे विनयराव पडले. आधी ते जरा मागे झुकून चालत होते, मग बरेच मागे झुकून चालू लागले, आणि मग शांतपणे, जणू खुर्ची आहे असं समजून, खाजकुयलीसारख्या नेटल्सच्या झुडपात बसले.

"छाती रिकामी लागते हो," मी हात दिल्यावर ते म्हणाले. "इतकी वर्षं पुढे ते वजन असायचं. आता सॅक नुसती मागे ओढते."

आमच्या समोर राहणारे डॉक्टर शशिधर हे सगळं आपल्या हेजच्या कुंपणावरून पाहत होते. डॉक्टर निवृत्त हाडांचे सर्जन. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला हाडं येत नाहीत, त्यामुळे कुणी लंगडताना दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. संध्याकाळी ते आपल्या पत्नीला, श्यामलाताईंना घेऊन आले, विनयरावांना दिवाणखान्यात सॅकसकट चार फेऱ्या मारायला लावल्या आणि निदान केलं.

"सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. यांचं शरीर पिस्तूल गृहीत धरून चालतं. पुढे तेवढंच वजन द्या, बाकी काही नको."

"नारळ द्या," श्यामलाताई म्हणाल्या.

"नारळ गोल असतो, श्यामला."

"मग काय झालं? पिस्तुलाने खोबरं थोडंच मिळतं?"

सल्ला देणाऱ्यांचं बरं असतं. ते चहा पिऊन जातात आणि प्रयोग आपल्या घरी होतात. मी पाऊचमध्ये साखरेची पिशवी घातली, ती फुटली. विनयराव तळ्यापर्यंत गेले आणि परत येईपर्यंत गावातल्या मुंग्यांना आमचा पत्ता कळला. मग पाण्याची बाटली घातली, तर पावलागणिक डुचमळून त्यांना बोट लागल्यासारखं व्हायला लागलं. छोल्यांचा डबा घातला, त्याची कडा बरगडीत रुतली. शेवटी मी ओट्यापाशी हताश उभा असताना समोर सासूबाईंनी नाशिकहून दिलेला पितळी खलबत्ता दिसला. बत्ता उचलला. वजनदार, लांबट, गुळगुळीत. पाऊचमध्ये असा जाऊन बसला, जणू शिवणाऱ्याने माप त्याचंच घेतलं होतं.

विनयरावांनी तो छातीवर लावला, रेडवेवरून गेले आणि ताठ मानेने परत आले.

"परफेक्ट!" त्यांचे डोळे चमकत होते. "आईच्या बत्त्यात इतकं पोटेन्शियल असेल असं वाटलं नव्हतं."

"हरवलास तर याद राख," सुनीती म्हणाली. पण ती खूश होती. दादा हसला होता.

इथे माझ्या स्वभावातली एक गोष्ट आड आली. मी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काम करतो, आणि विमा कंपनीत माणूस फार वर्षं राहिला की त्याला होऊ न शकणाऱ्या गोष्टींचीही काळजी वाटते. या देशात पिस्तुलाला बंदी. पण पिस्तुलाच्या पाऊचचं काय? मी पोलिसांच्या चौकशीच्या नंबरावर फोन केला. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती.

"मला पिस्तूल बाळगण्याबद्दल विचारायचं आहे," मी म्हणालो.

"आपल्याकडे पिस्तूल आहे का, सर?"

"नाही नाही. फक्त त्याचं कव्हर आहे. पिस्तूल माझ्या मेव्हण्यांचं आहे."

"आणि ते मेव्हणे कुठे आहेत?"

"माझ्या शेजारी. पोहे खातायत. पण पिस्तूल माँटानात आहे."

"म्हणजे सर, आपल्याकडे पिस्तूल नाही, आणि ते नसलेलं बरोबर नेता येईल का, हे आपल्याला विचारायचं आहे?"

इतकं स्वच्छ मांडल्यावर मलाही ते जरा विचित्र वाटलं. त्यांनी माझं नाव विचारलं. मी "थँक यू, यू हॅव बीन मोस्ट हेल्पफुल" म्हणून फोन ठेवला. नागरिकाने चौकशी केली पाहिजे, पण किती, यालाही मर्यादा आहे.

शनिवारी पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावाला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, त्यामुळे निम्मं इंग्लंड तिथे आलेलं. कार पार्क भरलेला. एका शेताच्या पलीकडे, गल्लीच्या कडेला गाडी लावली आणि चढायला लागलो. खोऱ्याच्या वर लांबलचक हिरवी धार आहे. त्या धारेवरून मॅम टॉर नावाच्या टेकाडाकडे फरसबंद वाट जाते. दोन्ही बाजूंना मेंढ्या, आणि वारा असा की माणसाने बोललेला शब्द शेजारच्याआधी पलीकडच्या गावाला ऐकू जावा.

विनयराव तर वेगळेच झाले होते. सरळ चालत होते, सुनीतीशी बोलत होते, आणि अमेरिकन सवयीप्रमाणे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून "हाउ यू डुइंग" विचारत होते. इंग्लंडमध्ये डोंगरावर भेटलेल्या माणसाला "मॉर्निंग" म्हणतात आणि पुढे जातात. तो कसा आहे ते विचारलं तर तो बिचारा घाबरतो.

असंच एक वयस्कर इंग्लिश जोडपं थांबलं. आजींनी सौजन्य म्हणून पाऊचकडे बोट केलं. किती सोयीचं दिसतंय, यात काय ठेवता?

"धिस? धिस इज फॉर माय गन!" विनयराव उत्साहाने म्हणाले. मग त्यांनी पिस्तूल माँटानात कसं तिजोरीत आहे, त्याऐवजी आईचा बत्ता कसा घातला आहे, हे सगळं तपशीलवार सांगितलं. पण नेमका तेव्हाच वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि पुढची सगळी हकीकत तो डर्बीकडे घेऊन गेला. आजोबा-आजी हसले, "लव्हली" म्हणाले आणि ज्या वेगाने खाली उतरले तो त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता.

त्याच वेळी विनयराव माझ्याकडे वळले. "राजीवराव, तुम्ही एकदा लावून बघाच. कम्फर्ट काय असतो ते कळेल."

मी नको नको म्हणालो. पण माझ्या पाठीवर तिघांचं जेवण, पाणी आणि 'पाऊस आला तर'चे तीन कोट होते, आणि पाठ बोलायला लागली होती. लावलं. आणि काय सांगू! सॅक एकदम हलकी झाली. पाठ सरळ, छाती पुढे. आपण आयुष्यभर उगाच वाकून चाललो असं वाटलं. पाय आपोआप जरा फाकून पडायला लागले. एक मेंढी वाटेत उभी होती, तिच्याकडे मी नुसतं पाहिलं आणि ती बाजूला झाली.

"असा का चालतोयस?" सुनीतीने विचारलं.

"तोल," मी कमीत कमी शब्दांत उत्तर दिलं. त्या चालीला फार बोलणं शोभत नव्हतं.

टेकाडावर बसून पोळीभाजी खाल्ली, आणि दुपारी त्याच चालीने मी गावात उतरलो. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची एक गाडी आडवी उभी होती, मागे आणखी एक व्हॅन. कुणाचा तरी अपघात झाला असेल, अशी हळहळ मी व्यक्त करत होतो, तोच एक उंच कॉन्स्टेबल पुढे आला.

"छातीवर पाऊच असलेले सद्गृहस्थ, थांबा. दोन्ही हात मला दिसतील असे ठेवा."

मी मागे पाहिलं. मागे कुणी सद्गृहस्थ नव्हते.

आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. दोन हजार सहाचं साल होतं ते. आदल्या वर्षीच्या जुलैत लंडनमध्ये सॅकमधले बॉम्ब फुटले, त्यानंतर सावळ्या माणसाने पाठीवर सॅक घेऊन कुठेही उभं राहावं आणि लोकांनी आपली जागा बदलावी, हे मी अनुभवलं होतं. ऑफिसला जाताना मी सॅक सोडून हातातली बॅग घेतली होती ती त्याचमुळे. ते सगळं त्या क्षणी आठवलं. मी हात वर केले. व्हॅनजवळची माणसं माझ्याकडे अजिबात न हलता बघत होती.

"ऑफिसर, इट्स माइन!" म्हणत विनयराव पुढे झाले आणि ओळखपत्र काढायला त्यांनी कोटाच्या आत हात घातला.

"दादा, हात बाहेर!" सुनीती ओरडली. तिसरीच्या वर्गाला गप्प करणारा आवाज तो. दादांचे हात वर गेलेच, शिवाय कॉन्स्टेबलही जरा सावध उभा राहिला.

"सर," तो मला म्हणाला, "पाऊचमध्ये काय आहे?"

बत्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पक्कं माहीत होतं. शाळेत स्पेलिंगसकट पाठ केलं होतं. त्यातला टी लिहायचा असतो पण म्हणायचा नसतो, हे आमच्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

"पेस्टल," मी म्हणालो.

"पिस्टल?"

"येस. पेस्टल."

व्हॅनजवळ हालचाल झाली.

"लोडेड आहे?"

"नो, नो! सॉलिड. ब्रास." आपण नीट सांगत नाही आहोत एवढं कळत होतं, म्हणून मी जास्त माहिती दिली. सगळ्या चुका माणूस जास्त माहिती देतानाच करतो. "हा फक्त एक भाग आहे. मॉर्टर घरी आहे. इन द किचन."

खलाप्रमाणे उखळी तोफेलाही इंग्रजीत मॉर्टरच म्हणतात, हे मला दुसऱ्या पोलिसाने वायरलेस तोंडाशी नेला तेव्हा आठवलं.

"कोणाच्या घरी?" कॉन्स्टेबलने हळू विचारलं.

"माझ्या. मदर-इन-लॉने दिलं. वेडिंग प्रेझेंट."

"पेसल!" सुनीती मध्येच कडाडली. "पेसल! द टी इज सायलेंट! हा रोज सकाळी त्याने चहाचं आलं ठेचतो! राजीव, तू आता एक अक्षर बोलू नकोस."

कॉन्स्टेबलने जवळ येऊन दोन बोटांनी पाऊचची चेन उघडली, आत पाहिलं, आणि सासूबाईंचा बत्ता बाहेर काढला. उन्हात तो छान चमकला. त्याने तो उलटसुलट केला, मग का कोण जाणे, वास घेतला.

"वेलची?" त्याने विचारलं.

"वेलची आणि आलं," सुनीती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. व्हॅनजवळच्या एकाने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. पण कॉन्स्टेबल हसला नाही, याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. त्याने आमची सगळी हकीकत शांतपणे ऐकली, पुढच्या वेळी बटाटा वगैरे काही आणावं असं सुचवलं, आणि तक्रार काय आली होती तेही मला सांगितलं. ते त्याने सांगायला नको होतं. तक्रारीत म्हटलं होतं, की एका इसमाने आपल्याजवळ पिस्तूल असल्याचं कबूल केलं आणि मग ते हत्यार 'आपल्या जाड्या साथीदाराच्या' हवाली केलं, जो त्यानंतर विचित्र पद्धतीने चालू लागला.

साथीदार हे मी समजू शकतो.

टी-रूममध्ये शिरलो तर ते आजोबा-आजी तिथेच, खिडकीशी. फोन त्यांनी तिथूनच केला होता. मला पाहून आजी लालबुंद झाल्या, उठल्या, "ओ डिअर, ओ डिअर" करत आमच्या टेबलाशी आल्या आणि आम्ही किती चांगली माणसं दिसतो हे तीनतीनदा सांगू लागल्या. मग सुनीतीने त्यांना सॉरी म्हटलं, आजोबांनी मला सॉरी म्हटलं, मी धक्का लागला म्हणून वेट्रेसला सॉरी म्हटलं. इंग्लंडमध्ये एकदा हे सुरू झालं की चहा गार होईपर्यंत थांबत नाही.

ते गेल्यावर विनयराव बराच वेळ समोरच्या स्कोनचे, म्हणजे तिथल्या गोडसर पावाचे, तुकडे करत बसले.

"तुम्हाला काही झालं असतं तर," ते म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही.

"काही झालं नाही ना," मी म्हणालो.

"सुनी, खरं सांगू? अस्वल मी आजवर एकदाच पाहिलंय. लांबून. पाठमोरं."

"मग दादा, ते कशाला रे बरोबर नेतोस?"

"मंजिरी असताना नव्हतो नेत." त्यांनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "आम्ही दोघं बोलत जायचो. ती इतकी बडबडायची की अस्वलं काय, पाखरंसुद्धा उडून जायची. आता एकटा चालतो. झाडीत काही वाजलं की वळून कुणाला विचारायची सोय नाही. छातीशी काहीतरी जड असलं की बरं वाटतं."

सुनीतीने आपला स्कोन उचलला आणि त्यांच्या बशीत ठेवला. मग आम्ही उठलो.

गाडीकडे जायची वाट त्या शेतातून होती. सकाळी शेत रिकामं होतं. आता कुंपणाच्या पायऱ्यांपाशी डझनभर गाई वासरांसकट उभ्या होत्या. लहानसहान गाई नव्हेत त्या, आमच्या फोर्डएवढ्या. त्यांनी आमच्याकडे माना वळवल्या. एकीने खूर आपटला. मी कुंपणाच्या अलीकडे थांबलो, कारण वासरं असलेल्या गाईंबद्दल आमच्या कंपनीत वाईट फायली आहेत. विनयराव माझ्याही एक पाऊल मागे थांबले.

"दुसरी वाट नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे. परत डोंगरावरून."

सुनीतीने आमच्या दोघांकडे पाहिलं, कुंपणाच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हात पसरून सरळ कळपात चालू लागली.

"हॅट्! हॅट् गं! हो बाजूला! पोरं घेऊन वाटेत काय उभ्या राहता? चला!"

डर्बीशरच्या गाई. जन्मात मराठी ऐकलं नसेल. पण एकीने मान खाली घातली, दुसरी वासराला ढुशी देत सरकली, आणि बघता बघता मधोमध गाडीपर्यंत जाणारी मोकळी वाट झाली. विनयराव घाईने कुंपण ओलांडून तिच्या मागे गेले आणि तिच्या सॅकचा लोंबता पट्टा त्यांनी मुठीत धरला. शेत संपेपर्यंत सोडला नाही. त्यांच्या मागे मी.

पलीकडच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"राजीवराव," ते आवाज खाली आणून म्हणाले, "इकडे हिच्यासाठी परवाना लागत नाही?"